किती बोटं दाखवली

२३ मे १९८४, बुधवार

नाही, मध्ये तोंड घालू नकोस. माझी वही चोरून उघडलीस ना, मग आता गप बस, ऐक, आणि यात माझं काय चुकलं ते सांग. एका माणसाला एक प्रश्न विचारायचाय. बोटं किती? उत्तरं दोनच असू शकतात. एक किंवा दोन. शेंबड्या पोराला जमेल असं काम. मला चार दिवस झाले, जमत नाहीये.

तो माणूस म्हणजे माझा सख्खा मामा. एमरिक होलोव्हाक. युद्धावरून परत आला आणि बारा वर्षं रिव्हरमेन या बेसबॉल टीमचा कॅचर होता. बारा वर्षं प्लेटच्या मागे, म्हणजे बॅट्समनच्या पाठीशी, उकिडवा बसला, दुसऱ्यांनी फेकलेले चेंडू झेलले आणि गुडघ्यांची वाट लावून घरी आला. बेल्डनमधला पोलादाचा कारखाना बंद पडला, हायस्कूलचा बँड बंद पडला, आता छाती फुगवायला गावाकडे मामाच उरलाय. म्हणून त्याचा पुतळा. कमिटीचा अध्यक्ष व्हिन्स फेरान्ते. त्याचा धंदा मयतं पोचवण्याचा, त्यामुळे पुतळ्याबद्दलसुद्धा तो इतक्या हळू आवाजात बोलतो की मामा गेला की काय असं वाटतं.

पुतळ्याखालची पाटी मी लिहायची. का? तर गावात कॉलेजात जाऊन आलेली आणि रिकामी अशी मीच. माझ्या कादंबरीत एकही पूर्णविराम नाही, आणि तीन प्रकाशकांनी ती परत पाठवलीय. तेव्हा मी हो म्हणाले.

शिल्पकार टिग पेपरातल्या एका जुन्या फोटोवरून काम करतोय. १९५३ ची फायनल, शेवटच्या चेंडूच्या आधीचा क्षण. मामा उकिडवा बसलाय, उजवा हात मांड्यांच्या मध्ये, चेंडू टाकणाऱ्या पिचरला खूण करतोय. एक बोट म्हणजे सरळ वेगात टाक, दोन म्हणजे वळणारा टाक. आणि नेमकी तिथेच सावली. बोटं दिसत नाहीत. टिग म्हणाला, "तुझा मामाच आहे ना? विचार की."

विचार की! अकरा जूनला मातीचा नमुना ब्राँझ ओतणाऱ्या भट्टीवाल्यांकडे जायचाय.

२६ मे, शनिवार

मामा व्हरांड्यात रेडिओवर मॅच लावून रेडिओतल्या कॅचरशी भांडत होता. "वळणारा मागव की, गाढवा! मागव!"

"मामा, त्या फोटोत बोटं किती आहेत?"

"त्या टिगने माझा मुखवटा का काढलाय?"

"लोकांना चेहरा दिसायला हवा ना."

"चेहरे बघायचे तर फेरान्तेकडे जा म्हणावं. तो पावडर लावून दाखवतो. कॅचरला चेहरा नसतो."

"बोटं, मामा."

"आणि मांड्या बघितल्यास केवढ्या फाकवल्यात? तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या समोरच्यांच्या माणसाला सगळं दिसेल. बारा वर्षांत माझी खूण कोणाला चोरता आली नाही, आणि हा येडा ती ब्राँझमध्ये ओतून भर मैदानात ठेवणार!"

"मॅच संपून एकतीस वर्षं झाली. आता कोण चोरणारे?"

"झुझे, कॉफी कर."

केली. कप त्याने दोन्ही तळव्यांत धरला. उजव्या हाताची बोटं पाच दिशांना, पाच जणांनी पाच रस्ते सांगावेत तशी. कॅचरची बोटं अशीच असतात, गावात कोणी वळूनही बघत नाही. कॉफी संपवली, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ये आता."

२९ मे

पाटीचा मसुदा: "१९५३ च्या अख्ख्या मोसमात याच्या हातून एकही चेंडू मागे सुटला नाही." फेरान्ते खूश. "शून्य," तो हळूच म्हणाला, "केवढा शांत आकडा आहे."

३१ मे, गुरुवार

आई कोबी चिरत होती. नूडल्स आणि कोबी, आठवड्यातून तिसऱ्यांदा. म्हटलं, त्या शेवटच्या चेंडूचं नक्की काय झालं ते एकदा नीट सांग.

"तुला माहीत नाही? लेस्टरने घात केला."

लेस्टर पॅकवुड, केंटकीचा, मामाचा पिचर. सात वर्षं दोघं एका खोलीत राहिलेले. शेवटचा डाव, दोन्ही टीम बरोबरीत, समोरच्यांचा माणूस तिसऱ्या बेसवर. मामाने वळणारा चेंडू मागितला, खाली. लेस्टरने सरळ टाकला, सुसाट, खांद्याएवढा उंच. मामा खाली तयार होता. चेंडू ग्लोव्हची कड घासून मागच्या भिंतीवर गेला आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस रमतगमत प्लेटवर आला, त्यांची धाव झाली. संपलं.

"आणि तो चेंडू लेस्टरच्या नावावर लिहिला?"

"मग? सुटलेला चेंडू कोणाच्या नावावर घालायचा ते स्कोअरर ठरवतो. कॅचरने सोडला की पिचरने भलताच टाकला. लेस्टर म्हणत होता, मला एकच बोट दिसलं. पेपरवाल्यांनी तुझ्या मामाला विचारलं. तो म्हणाला, मी दोन दिली. झालं. एमरिक खोटं बोलत नाही हे अख्ख्या देशाला माहीत होतं." आईने कोबीवर सुरी अशी हाणली की जणू तोच लेस्टर. "लोकांनी लेस्टरच्या दाराला डांबर फासलं होतं."

अगं मग बोटं दोन! एवढं सोपं! मामाने स्वतःच सांगितलंय, पेपरात छापून आलंय! टिगला लगेच फोन केला. दोन. कर दोन. सुटले बाई.

२ जून, शनिवार

सुटले कसली. सकाळी मामा आमच्या दारात. त्या गुडघ्यांनी चर्चची अख्खी चढण चढून आलेला, घामाघूम.

"दोन घालायची नाहीत."

"अरे तूच सांगितलंयस दोन!"

"तेव्हा सांगितलं. आता घालायची नाहीत."

"मग एक घालू?"

"एकही नको."

"मग काय मूठ दाखवू? का पाची बोटं दाखवून लोकांना टाटा करतोयस असं करू?"

"हात ग्लोव्हमागे लपव म्हणावं त्याला."

टिग म्हणतो लपवणार नाही, हात हाच तर पुतळा आहे. फेरान्ते म्हणतो सगळे कलाकार एकमेकांना समजून घ्या. इथे कलाकार कोण आहे? मी माझी कादंबरी बाजूला ठेवून दोन म्हाताऱ्यांपायी आणि त्या टिगपायी बोटं मोजतेय.

४ जून, सोमवार

कमिटीने जुन्या टीममधल्या सगळ्यांना निमंत्रणं पाठवली होती, पत्ते मी लिहिले होते. लेस्टर पॅकवुडचं उत्तर आलं. अक्षर एवढं मोठं की एका कागदावर सहा ओळी.

"मिस झुझाना, बोलावल्याबद्दल आभार. बसने येईन. एक विचारायचं होतं. पुतळ्याला एमरिकने किती बोटं घालायला सांगितली? आधी कळलं तर बरं होईल, मनाची तयारी करता येईल."

ह्यालाही बोटंच! देशभरातल्या म्हाताऱ्यांना दुसरा विषय नाही का?

७ जून, गुरुवार

मामाशी कडाक्याचं भांडण झालं. तो परवाच कापलेलं गवत पुन्हा कापत होता. मशीनच्या आवाजावर ओरडून सांगितलं की लेस्टर येतोय. त्याने मशीन बंद केलं.

"कोणी बोलावलं?"

"सगळ्यांना बोलावलंय."

"त्याला कळव की कार्यक्रम रद्द झाला."

"तू ऐकतोयस का स्वतःचं? पासष्ट वर्षांचा माणूस केंटकीहून बसने येतोय!"

"बसने? गाडी काढायला काय झालं त्याला?"

"मला काय माहीत! मामा, तुझं मन केवढंसं आहे रे. एका चेंडूसाठी एकतीस वर्षं राग धरून बसलायस. चुकला असेल बिचारा. चुकत नाही का माणूस?"

"राग," मामा म्हणाला. नुसता शब्द उच्चारून बघितल्यासारखा. मग म्हणाला, "हो. तसंच समज." आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ज्या पट्ट्यातलं गवत आत्ताच कापलं होतं त्याच पट्ट्यात गेला.

मोठी माणसं जवळून बघू नयेत. पुतळे त्यासाठीच उंचावर ठेवतात बहुतेक.

११ जून, सोमवार

भट्टीवाल्यांचा ट्रक तीनला येणार होता. बाराला मामाचा फोन. "मला टिगकडे घेऊन चल."

वर्कशॉपमध्ये मातीचा मामा उकिडवा बसलेला, दोन बोटं दाखवणारा. खरा मामा त्याच्यासमोर किती वेळ उभा राहिला. मग टेबलाला धरून खाली बसायला लागला. तो दहा वर्षांत उकिडवा बसलेला नाही. डॉक्टरांनी बसू नको म्हणून बजावलंय. मी आणि टिगने एकेक दंड धरला, गुडघ्यांमधून गव्हाची लोंबी चुरडल्यासारखा आवाज आला, आणि तो बसला. आणि कसं सांगू, बसल्यावर म्हातारा राहिलाच नाही. पाठ सरळ, मांड्या जुळवलेल्या, उजवा हात खाली.

"समोर जा," टिगला म्हणाला. "लांब. अजून. आता सांग, काय दिसतंय?"

टिग दाराजवळ वाकून बघत होता. "एक."

"मी दोन देतोय."

"पण मधलं बोट तर..."

"दिसतंय का?"

"नाही. दुमडलेलंच आहे ते. सावलीत जातंय."

"मग जे दिसतंय ते कर."

टिग दारापासून परत आला. मातीच्या मामापाशी गेला, मधलं बोट ओलं केलं आणि हळूहळू आत वळवलं. मी म्हटलं, "अरे एक की दोन? कोणीतरी एकदा नक्की सांगाल का मला?" कोणी लक्ष दिलं नाही.

"हे कधी मोडलं?" टिगने विचारलं.

"आठव्या डावात."

कॅचरची बोटं मोडतातच कधी ना कधी. कुठल्या मॅचच्या आठव्या डावात, ते टिगने विचारलं नाही, मीही नाही. मला ट्रकची घाई होती. मामाला उठवायला आम्हाला ड्रायव्हरलाही बोलवावं लागलं.

१२ जून

फेरान्तेला एक बोट आवडलं. "जास्त मर्दानी दिसतं." देवा.

१९ जुलै, गुरुवार

पाटी ओतून आली. मामाला दाखवायला चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं होतं, आईने केकची ताटली फिरवली. मामाने पाटी वाचली. अक्षरांवरून अंगठा फिरवत, आंधळ्यासारखी.

"हे काढा. एकही चेंडू सुटला नाही, हे."

"एमरिक, अधिकृत नोंद आहे ती," फेरान्ते म्हणाला. "आम्ही पदरचं काही घातलेलं नाही."

"मी सांगतोय ना, काढा."

"केवढा विनय!" फेरान्ते सगळ्यांकडे वळून म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. कोणीतरी डोळे पुसले.

मामा म्हणाला, "तुमच्यापेक्षा अंपायर परवडले," आणि केक न खाता गेला. मी एवढी राबून सहा ओळी लिहिल्या, त्यातली नेमकी बरी ओळ याला खुपते! विनयाचाही काही सुमार असतो.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

लेस्टर पॅकवुड आला. उंच, वाळलेला, जाड चष्मा, टोपी छातीशी धरलेली. आईने ठरवलं होतं की त्याच्याशी बोलायचं नाही. दहा मिनिटांत ती त्याला तिसऱ्यांदा वाढत होती.

"एमरिक येणार आहे का जेवायला?" त्याने विचारलं.

"त्याचा गुडघा दुखतोय," मी म्हणाले. गुडघा नव्हे, अहंकार. ते काही बोलले नाही.

"तुम्ही एवढ्या लांबून बसने कशाला आलात, काका? गाडी नाही?"

"गाडी आहे, पोरी. चालवत नाही." काट्याला नूडल्स गुंडाळत राहिला. "त्या मॅचनंतर मी डोळ्यांच्या तीन डॉक्टरांकडे गेलो. तिघंही म्हणाले, डोळे गरुडासारखे आहेत. तरी चष्मा करून घेतला. पुढच्या मोसमात प्लेटकडे बघायचो, एक बोट दिसायचं, आणि वाटायचं, खरंच एक आहे ना? दोन तर नसतील? पिचर असा विचार करत उभा राहिला की मेला. दीड वर्षात मला घरी पाठवलं. मग सिग्नलचं तसंच व्हायला लागलं. हिरवा दिसतो, पण आहे का हिरवा? नको म्हटलं. आपल्याबरोबर कोणीतरी दुसरा मरायचा."

आईने हातातला डाव खाली ठेवला.

"मिस झुझाना, तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत. बोटं किती घातली?"

मला त्या बोटांचा इतका वीट आला होता ना! "उद्या पडदा काढला की बघा की," असं म्हणाले.

संध्याकाळी मामाला फोन करून भरपूर झाडलं. म्हटलं, तू तिथे रुसून बस. इथे हा माणूस एकतीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, गाडी चालवत नाही, जाड काचा लावून फिरतो, का तर त्याला एक बोट दिसलं होतं. चांगले धडधाकट डोळे आहेत म्हणे! ठार वेडा आहे, पण तुझ्यापेक्षा सभ्य आहे.  लाइन कट झाली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणाले.

"कितीदा सांगितलं डॉक्टरांनी त्याला?" मामाने विचारलं.

"तिघांनी सांगितलं."

फोन ठेवला त्याने. म्हणजे काय समजायचं माणसाने?

१८ ऑगस्ट, शनिवार

घरी येऊन सरळ वही उघडलीय. क्रमाने लिहिते.

मैदानावर चारशे तरी खुर्च्या होत्या. मामा स्टेजवर, कोट घालून, मान खाली. फेरान्तेने पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत लेस्टर उठला. सरळ पुतळ्यापाशी गेला, पाठ वळवली आणि पावलं टाकत उलट निघाला, मोजत. साठ फूट सहा इंच, प्लेटपासून पिचर उभा राहतो तेवढं अंतर. लोक खुर्च्या सरकवत होते, पाय आखडून घेत होते. एका ठिकाणी थांबला, वळला आणि चष्मा काढून खिशात घातला. थोडा पुढे वाकला, डावा हात पाठीवर. पिचर वाकतो तसा.

"एक," तो म्हणाला.

मागून कोणीतरी ओरडलं, "आताही चुकलास लेस्टर! दोन होती!" लोक हसले. खूप हसले. फेरान्ते माइकवर म्हणाला, कृपया बसून घ्या. लेस्टर बसला नाही. उभाच राहिला, आणि त्याचा हात चष्म्याच्या खिशाकडे गेला.

तेव्हा मामा उठला आणि त्याने फेरान्तेच्या हातातून माइक काढून घेतला.

"हसू नका," तो म्हणाला. "एकच आहे. त्या दिवशीही एकच होतं. आठव्या डावात चेंडू लागून माझं मधलं बोट मोडलं. सांगितलं असतं तर मला बाहेर काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही. माती लावली आणि पुन्हा प्लेटमागे बसलो. शेवटी मी दोन दिली. मला वाटलं दोन दिली. हात बधिर झाला होता, बोट उघडलंच नाही. ते मला आत जाऊन कपडे काढताना कळलं. बाहेर पेपरवाले तुझ्याभोवती होते, लेस्टर. मग मला विचारलं. मी म्हणालो, मी दोन दिली."

त्याने मोठा श्वास घेतला, माइकमधून तो सगळ्या मैदानावर ऐकू आला.

"तुझे डोळे चांगले आहेत. तेव्हाही होते. चेंडू माझ्या हातून सुटला. फेरान्ते, त्या पाटीवर एक लिही."

माइक खुर्चीवर ठेवला आणि स्टेज उतरू लागला.

निघून जायचं तर माणसाने झटक्यात जावं ना! पण ते गुडघे. एकेक पायरी, कठड्याला धरून, आधी डावा पाय, मग उजवा. मग गवतावरून पहिल्या बेसच्या बाजूने फाटकाकडे. वाटेत लेस्टर होता, हात लांबवला तर पोचेल इतका जवळ. मामा त्याच्या शेजारून गेला, थांबला नाही. लेस्टरचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, शब्द जुळत होते तिथे, मला दिसत होते.

मी ओरडले, "अरे मामा, थांब की! आज तरी त्याला बोलू दे!"

त्याने न वळता हात हलवला, माशी उडवल्यासारखा. एवढ्या लांब चालायला त्याला चार मिनिटं लागली असतील. चारशे माणसं बसली होती, आणि चार मिनिटांत एकालाही काही सुचलं नाही. मामा फाटकापाशी पोचला, कडी काढली, बाहेर गेला आणि बाहेरून कडी लावून घेतली.